चरवीतले तांदूळ

१

चोरी झाली होती हे तर खरंच. पण चोरीला गेलेला माल परत जागेवर आणून ठेवला की तो पुन्हा नाहीसा होत होता, आणि असली अवलक्षणी चोरी सुचित्रा जोर्वेकरांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

सुचित्राताई संगमनेरच्या कोर्टात वकील. करारमदारातलं खोटं त्यांना नुसत्या वासावरून कळतं, अशी त्यांची ख्याती. कॉम्प्युटरशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. टायपिंगला माणूस होता, आणि तो सुटीवर गेला की ताईही सुटीवर. म्हणून मावसभाऊ नृसिंहचा सकाळी सकाळी फोन आला, "ताई, आहेस तशी ये, माझ्या ऑफिसात चोरी झालीय," तेव्हा त्यांना वाटलं, गेले असतील चार-दोन कॉम्प्युटर. अर्धा चहा टाकून त्या निघाल्या.

नृसिंहचं ऑफिस बसस्टँडमागे, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या डोक्यावर. तिथं 'चरवी' नावाचं सॉफ्टवेअर तयार होत होतं. गावोगावच्या डेअरीत दूध आलं, की फॅटचं मशीन जो आकडा सांगेल तो उचलायचा, दुधाचा भाव काढायचा आणि दूध संघाला कळवायचं, एवढंच त्याचं काम. आज दुपारी संघाचे चेअरमन आप्पासाहेब करारावर सही करायला येणार होते. कॉम्प्युटर सगळे जागच्या जागी होते.

"मग गेलं काय?"

"दुभाषा गेला, ताई." नृसिंहचा चेहरा पार उतरला होता. "अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या डेअऱ्यांत जुनी मशीनं आहेत. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. त्या मशीनची भाषा समजणारा कोडचा एकच तुकडा आहे, त्याला आम्ही दुभाषा म्हणतो. तो ज्या फोल्डरमध्ये होता, ते फोल्डर रिकामं झालंय."

"नवीन मशीनं घ्या म्हणावं त्यांना."

"कोण घेणार? संघानं साफ सांगितलंय, आज जी मशीनं जोडलेली दिसतील ती केंद्रं राहतील, बाकीची बंद. पहिली बंद होईल ती साळूबाईची. भंडारदऱ्याच्या वर तिचं गाव आहे. तिच्याकडे मशीन यायच्या आधी टेम्पोवाला दुधात बोट बुडवायचा आणि तोंडाला येईल तो भाव सांगायचा. डेअरी बंद झाली की तोच टेम्पोवाला परत दारात."

सुचित्राताईंना टेम्पोवाल्याचं ते बोट डोळ्यांसमोर दिसलं आणि मनापासून राग आला.

"तुमच्याकडे जुनी प्रत नाही ठेवलेली? आमच्याकडे साध्या नोटिशीचीसुद्धा असते."

"आहे ना! तीच तर गंमत आहे. सकाळी आणून ठेवली, गेली. पुन्हा ठेवली, पुन्हा गेली. आणि जाताना हे सोडून गेली."

त्यानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्या फोल्डरात एकच फाईल होती. आत एक अक्षर नाही, कोरी करकरीत. तिचं नाव होतं: तांदूळ.

२

"यात कसली आलीय शोधाशोध!" करण म्हणाला. करण हा नृसिंहचा भागीदार, बेलापूरच्या आडतदाराचा मुलगा. गिऱ्हाईक आणायचं आणि माल विकायचा हे काम त्याचं, आणि आवाज असा, की खालच्या स्टेशनरीवाल्याला सगळे व्यवहार पाठ. "कल्याणनं राजीनामा दिलाय. पुण्याला चालला. जाता जाता खोडी काढली, झालं! काल संध्याकाळी मी स्वतः सगळं झाडूनपुसून लख्ख करून ठेवलं होतं, ताई. आमच्याकडे माल बाहेर पडायच्या आधी पोतं बदलतात ना, आपल्या शिक्क्याच्या पोत्यात भरतात, तसं. आणि सकाळी बघतो तर हे!"

कल्याण कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. शेवगावचा पोरगा, कोड लिहिणाऱ्या दोघांपैकी एक. आळ आला की निरपराध माणूसही कसा चोरासारखा दिसायला लागतो, ते ताईंनी कोर्टात फार पाहिलं होतं. त्यांनी त्याच्याजवळ खुर्ची ओढली.

"मला सांग, चोराला फोल्डर रिकामं करायचं होतं, तर ही कोरी फाईल कशाला ठेवली?"

"आमचा कोड जिथं साठवतो ना ताई, तिथं रिकामं फोल्डर टिकतच नाही. आपोआप पुसलं जातं. ते राहावं असं वाटलं, तर आत काहीतरी खडा टाकून ठेवतात. नाव काही का असेना."

"म्हणजे चोराला भांडं राहायला हवं होतं. आणि रिकामं राहायला नको होतं."

"तसंच म्हणावं लागेल."

ताईंनी स्क्रीनवरच्या त्या नावाकडे पुन्हा पाहिलं. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, की करणला वाटलं, यांचं वय झालं. "कल्याण, तुमच्या गावी शेजाऱ्यांची गाय व्याली. त्यांनी खरवसाला चीक पाठवला. त्यांचं भांडं परत देताना तुझी आई त्यात काय घालते?"

"ज्वारी," कल्याण गोंधळून म्हणाला. "मूठभर."

"आणि तुझी रे, करण?"

"गुळाचा खडा. पण ताई, इथं घर जळायला लागलंय आणि तुम्ही..."

"आपल्याकडे साखर," नृसिंह म्हणाला. "तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे. कोड लिहिणारं दुसरं माणूस कुठाय?"

दुसरी होती ज्ञानेश्वरी वाकचौरे. अकोल्याची. ती परवाच डोंगरात गेली होती, साळूबाईच्या डेअरीत मशीन जोडून बघायला. साळूबाई तिची सख्खी आत्या. तिथं फोनला रेंज नाही, इंटरनेट तर दूरच. रेंज हवी तर टेकाड चढून देवीच्या देवळापाशी यावं लागतं.

"तिचं नाव तरी कशाला घेता?" करण म्हणाला. "दुभाषा गेला तर तिच्याच आत्याची डेअरी बुडणार. आणि पोरगी इथं आहेच कुठं?"

बोलणं बिनतोड होतं. ताईंनी पदर खोचला.

"ठीक. आता माझ्यासमोर ठेवा तो दुभाषा परत. नृसिंह, ती इंटरनेटची वायर उपटून टाक. आणि कल्याण सोडून सगळ्यांचे हात टेबलावर!"

कल्याणनं जुनी प्रत आणून ठेवली. फोल्डर भरलं. सगळे टक लावून बसले. काही झालं नाही.

"आता पुढे रोज काय करतोस?"

"बांधणी. म्हणजे सगळे तुकडे एकत्र बांधून द्यायचा माल तयार करतो. एक बटण दाबायचं, बास."

"दाब. आणि दाबलास की तुझेही हात टेबलावर."

त्यानं बटण दाबलं आणि हात टेबलावर ठेवले. आठ हात, एकही हलला नाही. स्क्रीनवर ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या. नृसिंहनं कोपरानं माऊस सरकवून फोल्डर उघडलं.

आत तांदूळ होते.

३

"आईशप्पथ!" करणचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हे माणसाचं काम न्हाईच." घाबरला की त्याच्या तोंडी बेलापूर यायचं.

सुचित्राताईंच्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगा! पण वकिलाला काटा आला तरी डोकं चालू ठेवावं लागतं.

"बरोबर बोललास," त्या म्हणाल्या. "आज हे कुणी केलेलंच नाही. इथं पहारा बसवलेला आहे. कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय, की बांधणीच्या वेळी अमुक दिसलं तर फोल्डर रिकामं कर. पहारेकरी सांगितलं ते करतो. कल्याण, ही बांधणी कधीपासून चालू आहे?"

"वर्ष झालं. रोज."

"आणि फोल्डर आधी कधी रिकामं झालं होतं?"

"कधीच नाही."

"म्हणजे पहाऱ्याला न आवडणारं जे काही घडलं, ते कालच्या बांधणीनंतर आणि आज सकाळच्या बांधणीआधी." ताई सावकाश करणकडे वळल्या. "काल संध्याकाळी तू झाडूनपुसून लख्ख केलंस. काय झाडलंस?"

"कचरा हो, ताई. एक लांबलचक इंग्रजी कागद पडला होता त्या फोल्डरात. आणि परदेशी माणसांच्या नावांची ही एवढी रांग. आप्पासाहेबांना मी सांगून बसलोय, की माल सगळा आपला, घरचा. त्यांच्या माणसानं उघडून बघितलं आणि दुसऱ्याचीच नावं दिसली तर? म्हणून प्रत्येक जुन्या प्रतीतून तेवढं काढून टाकलं. पोतं बदललं, दुसरं काय केलं?"

कल्याणनं डोक्याला हात लावला.

"तुझ्याकडे तो कागद आहे का कुठं?" ताईंनी त्याला विचारलं.

"ज्या माणसांनी दुभाषा लिहिला, त्यांनी तो जगासाठी नेटवर ठेवलाय. तिथून परत आणता येईल."

"आण. आणि बांध."

वायर पुन्हा जोडली. कागद आला, नावं आली, जागेवर बसली. कल्याणनं बटण दाबलं. ओळी सरसरत वर गेल्या, थांबल्या. नृसिंहनं फोल्डर उघडलं.

दुभाषा जसाच्या तसा जागेवर होता. तांदूळ कुठंच नव्हते. आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"दादा, मी ज्ञानेश्वरी. देवळापाशी आलेय. आज सकाळी फोल्डर रिकामं झालं का हो?"

४

"तुमच्याकडे चिकाच्या भांड्यात तांदूळ घालतात, होय ना?" सुचित्राताईंनी फोन हातात घेत विचारलं.

पलीकडून हसू ऐकू आलं. "व्हय ताई. आमच्याकडं भातच पिकतो. दुसरं काय घालणार?"

मग तिनं सगळं सांगितलं. पहारा तिचाच. वर्षापूर्वी दुभाषा पहिल्यांदा आणला, तेव्हाच बसवलेला. तो इंग्रजी कागद, म्हणजे परवाना, आणि नावं जागेवर असतील तर दुभाषा मालात जाईल, नसतील तर जाणार नाही. चोरून काही केलं नव्हतं. बदल सगळ्यांना दाखवला होता आणि कल्याणनं 'बघितलं, ठीक' असा शेराही मारला होता.

"न वाचता मारला," कल्याण पुटपुटला.

"कशासाठी बसवलास हा पहारा?" ताईंनी विचारलं. "दुभाषा मिळाला नसता तर तुझ्या आत्याचीच डेअरी बंद पडली असती."

"माहिताय ना ताई. परवा मी निघताना करणदादा फोनवर सांगत होते, सगळा माल घरचा म्हणून, तेव्हाच वाटलं, नावं पुसली जाणार की काय. पण ज्यांच्यामुळं आत्याचं मशीन बोलायला लागलं, त्यांचीच नावं पुसून ते चालवायचं? तुम्ही वाचा तरी ती नावं. आम्ही इथं वाट बघतोय."

कल्याणनं नावं मोठी करून लावली. ताईंनी चष्मा घातला.

पहिलं नाव एका बर्फाळ देशातल्या माणसाचं होतं. आईच्या शेळ्यांचं दूध मोजायचं मशीन मुकं झालं, म्हणून त्यानं मशीनची भाषा एकेक अक्षर लावून शोधून काढली होती, आणि कुणी मागितली नसताना जगासमोर ठेवून दिली होती. त्याच्याखाली दुसऱ्या खंडातल्या एका शिक्षिकेचं. तिनं एक चूक सुधारली होती. मग एक गवळी, मग कुठलीशी विद्यार्थिनी, मग कुणी नुसतं टोपणनावच दिलेलं. प्रत्येकानं आपली मूठभर भर घातली होती आणि भांडं पुढं दिलं होतं. यांतल्या कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आणि यांतल्या एकालाही भंडारदरा कुठं आहे हे ठाऊक नव्हतं.

मग तो लांबलचक इंग्रजी कागद. घ्या, वापरा, बदला, वाटा. पण पुढे द्याल तेव्हा आमची नावं आणि हाच परवाना सोबत द्या. आणि यात मिसळून जे एकजीव कराल, तेही असंच सगळ्यांसाठी खुलं ठेवा.

सुचित्राताईंनी आयुष्यभर करार वाचले होते. प्रत्येक करारात कोण कुणाला काय देणार नाही याचीच कलमं. आणि हा कागद लिहिणाऱ्यांनी सगळी अक्कल पणाला लावली होती ती कशासाठी, तर पुढच्या कुणालाही दार बंद होऊ नये म्हणून! त्यांना एकदम भरून आलं. देवळात कधी येत नाही असं भरून आलं.

"काय माणसं आहेत रे ही," त्या म्हणाल्या. "काय माणसं आहेत!"

"माणसं देव आहेत, मान्य," नृसिंह म्हणाला. "पण ताई, मेलो आपण. आजपर्यंत चरवी ऑफिसातच होती, आज बाहेर द्यायचीय. दुभाषा चरवीत एकजीव झालाय. म्हणजे या कागदाप्रमाणे भाव काढायचं आपलं सगळं गणितही खुलं करायला हवं. आणि करारात लिहिलंय, की सगळा कोड बंद, दुसऱ्याचा एक शब्द नाही. कागद ठेवला तर करार जातो. कागद काढला तर आपण चोर. दुभाषाच काढला तर साळूबाई बुडते."

ताई उत्तर देणार, तोच खाली गाडीचा हॉर्न वाजला. करण खिडकीपाशी धावला.

"आप्पासाहेब आले. लवकर आले!"

५

"त्यांना चहा पाज," ताई करणला म्हणाल्या. "दोनदा पाज. आणि कल्याण, मला एक सांग. दुभाषा आणि चरवी एकाच घरात राहायला हवेत का? शेजारी म्हणून नाही का राहता येणार?"

"म्हणजे?"

"दुभाषा त्याच्या घरात. त्याची नावं, त्याचा परवाना, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. तो मशीनचं ऐकेल आणि आकडा ओट्यावर आणून ठेवेल. तुमची चरवी आपल्या घरातून येईल आणि आकडा उचलेल. एकमेकांच्या स्वयंपाकघरात पाऊल नाही. कागदात अट आहे ती एकजीव करण्याला. ओट्यावरून वस्तू उचलण्याला कुठाय?"

कल्याणचे डोळे मोठे झाले. "होईल की! आकडे साध्या ओळीत लिहायचे... ताई, खरंच होईल! आधीच असं करायला हवं होतं."

"मग बोलत काय बसलास? कर!"

तो आणि टेकाडावरची ज्ञानेश्वरी फोनवरून कामाला लागली. राजीनामा दिलेला कल्याण असा भिडला होता, की करणला त्याच्याकडे बघवेना.

इकडे आप्पासाहेबांनी दुसरा कप बशीत ओतला आणि ताईंचं म्हणणं ऐकून घेतलं. ताईंनी काही लपवलं नाही. करारातलं ते एक कलम बदलावं लागेल, हेही सांगितलं.

"म्हंजी वकीलबाई," आप्पासाहेब सावकाश म्हणाले, "त्यो दुभाषा उद्या दुसऱ्या संघानं बी फुकाट न्यायचा?"

"न्यायचा. तुम्हालाही तसाच मिळालाय. तो कधी करणचा नव्हताच."

आप्पासाहेबांनी करणकडे पाहिलं. करणची मान खाली गेली. "चुकलं, आप्पासाहेब. मी नावं पुसली होती. माल घरचा नाही. एवढा तुकडा लोकांचा आहे."

आप्पासाहेब मिशीवरून हात फिरवत राहिले.

"आमी संघ काढला ना, तवा लोक हसायचे," ते शेवटी म्हणाले. "म्हनायचे, धा घरचं दूध एका टाकीत वतलं तर कुनाचं कुठलं, कसं कळायचं? आमी म्हनलं, न्हाई कळायचं, म्हनून तर संघ! आन् ही मानसं तर लई म्होरं गेली. आख्ख्या दुनियेची एक टाकी केली की हो! बदला ते कलम. पन मला आधी साळूबाईचा आकडा दिसला पायजे."

सगळे स्क्रीनपुढे येऊन बसले. काम होईतो ऊन कललं होतं, डोंगरात धारांची वेळ झाली होती. ज्ञानेश्वरीनं नवा दुभाषा फोनवर उतरवून घेतला आणि आत्याच्या दारी पळत गेली. मशीन त्याच्याशी बोललं, की आकडे घेऊन तिनं परत टेकाड चढायचं होतं. नृसिंहचं बोट दातात, कल्याण उभाच. सुचित्राताईंना देव आठवेना, त्या मनातल्या मनात ती परदेशी नावंच म्हणत होत्या.

स्क्रीनवर एक ओळ उमटली. केंद्राचं नाव, म्हशीचं दूध, फॅट, भाव. मग दुसरी. मग तिसरी. आणि फोनवर, वाऱ्यातून, भाचीच्या मागं मागं टेकाड चढून आलेल्या साळूबाईचा दमलेला आवाज आला.

"दिसलं का वो तिकडं? हितं मशीन लई बोलतंय!"

आप्पासाहेबांनी खिशातून पेन काढलं.

६

नवा दुभाषा नावांसकट, परवान्यासकट, त्याच संध्याकाळी जगासाठी ठेवून दिला. कल्याण पुण्याला गेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सुचित्राताई बदललेल्या कराराची प्रत द्यायला ऑफिसात आल्या, तर करण एकटाच स्क्रीनपुढे बसला होता. आवाज नाही, काही नाही.

"आता काय गेलं रे?"

"गेलं नाही, ताई. आलंय." त्यानं खुर्ची सरकवून जागा करून दिली. "कुणीतरी बाई आहे. कुठल्या देशाची, तेही कळत नाही. डोंगरातच राहते. लिहिलंय, की तुमचा दुभाषा बघितला, आमच्याकडे पण हेच मशीन आहे. थंडीत ते आकडा चुकवतं. त्यावर मी उपाय केलाय, तो पाठवतेय, तुमच्या डोंगरात उपयोगी पडेल. कल्याणनं लावून बघितला. ताई, साळूबाई हिवाळाभर तेच म्हणत होती, सकाळच्या धारेला भाव कमी येतो म्हणून. आम्हाला वाटायचं, दूधच पातळ असेल."

ताई ते पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. एका दिवसात! कोण कुठली बाई, तिला साळूबाई ठाऊक नाही, आणि साळूबाईच्या दुधाला खरा भाव तिच्यामुळं मिळणार.

"तिला आभाराचं लिहिलंस का?"

"लिहायलाच बसलोय मघापासून." करणनं डोळे पुसले. तो रडला होता, आणि ते लपवायचंही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "पण भांडं रिकामं कसं पाठवू, ताई? मला कोड येत नाही. मला विकण्यापलीकडे काही येत नाही."

"गिऱ्हाइकाला माल समजावून सांगता येतो ना तुला? ती जुनी मशीनं कशी जोडायची, ते सोप्या मराठीत लिहून काढ. गावोगावच्या डेअरीवाल्याला कळेल असं. तेही त्या फोल्डरात जाईल, सगळ्यांसाठी."

करणनं खुर्ची पुढे ओढली. त्यानं एक कोरी फाईल उघडली, थोडा वेळ तिच्याकडे बघत बसला, आणि मग तिला नाव दिलं: गूळ.